पाण्याला भिणारं यंत्र

पाणी खारं आहे की गोडं, हे कळावं म्हणून देवाने माणसाला जीभ दिली. तेवढ्यावर भागेना म्हणून सरकारने प्रयोगशाळा दिल्या आणि त्यांत माझ्यासारख्या माणसांना पगार देऊन बसवलं. तरीही कुणाचं तरी समाधान झालं नसावं. कारण माझ्या नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत आमच्या रत्नागिरीच्या प्रयोगशाळेत पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं एक असं यंत्र आलं, ज्याला पाण्याचीच भीती वाटायची.

मी रसायनतज्ज्ञ, असं माझ्या नेमणुकीच्या कागदावर लिहिलं होतं. बाहेर मात्र मी "पाण्याच्या बाई". एका लग्नात वधूच्या आत्याने माझी ओळख "ह्या पाण्यात असतात" अशी करून दिली होती, आणि समोरच्या गृहस्थांनी मला मत्स्यखात्याचे चार प्रश्न विचारले होते. मीही उत्तरं दिली. सरकारी नोकरीत इतकी वर्षं काढली की दुसऱ्याच्या खात्याची उत्तरं आपोआप येतात, आपल्या खात्याचीच तेवढी येत नाहीत.

आमचं काम बाहेरून दिसतं तितकंच कंटाळवाणं असतं. लोक बाटलीतून पाणी आणतात, त्यात काय विरघळलंय ते आम्ही सांगतो. विरघळलेलं डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तर आमची पोटं चालतात. त्यासाठी दोन-तीन साध्या युक्त्या आहेत. एक, पाण्यातून वीज पाठवून बघायची. क्षार जितके जास्त तितकी ती सहज जाते. दुसरी, पाणी आटवून तळाशी राहिलेली पूड तोलायची. ही तर कुठल्याही सुगरणीला जमेल. तिसरी माझी आवडती. पाण्यात पिवळ्या औषधाचे थेंब टाकायचे आणि ब्युरेट नावाच्या खुणांच्या उभ्या काचनळीतून सिल्व्हर नायट्रेट थेंबथेंब सोडत बसायचं. पाण्यातलं मीठ संपलं की पुढच्याच थेंबाला पिवळं पाणी विटकरी होतं. किती थेंब लागले त्यावरून मीठ किती ते कळतं. आयुष्यभर मी हा रंग बदलताना पाहिला आणि एकदाही मला त्याचा कंटाळा आला नाही. माझ्या यजमानांना हे सांगू नका, त्यांच्याबद्दल मी असं कधी म्हटलेलं नाही.

गिऱ्हाइकं मात्र एकाहून एक. देवरूखकडचे एक गुरुजी घाबरेघुबरे होऊन आले. त्यांच्या विहिरीच्या पाण्यात मीठ निघालं होतं, तेही थोडंथोडकं नाही. समुद्रापासून इतक्या आत, डोंगराच्या अंगाला! "बाई, समुद्र आमच्याकडे चढून येतोय काय?" असं त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, जणू समुद्र ऐकेल. घरच्यांना त्यांनी शेजारच्या विहिरीवर पिटाळलं होतं. मी बाटलीचं झाकण उलटं केलं तर आतून जांभळं. बाटली आगळाची होती. कोकमाचं आगळ वर्षभर टिकावं म्हणून त्यात मीठ घालताना आपल्या बायका हात आखडत नाहीत, आणि गुरुजींनी बाटली "धुतली तर! चांगली विसळली की!" होती. त्यांना मी घरची एक स्वच्छ बाटली दिली आणि समुद्र परत रत्नागिरीला आणून सोडला.

दुसरे एक गृहस्थ मुलीसाठी ठरत आलेल्या स्थळाच्या विहिरीचं पाणी गुपचूप घेऊन आले. मुलगा मुंबईला, पगार बरा, माणसं चांगली, पण "पोरीला राहायचा हाय हितं, हांडे तिलाच भरायचे." मला हा माणूस फार आवडला. पत्रिका बघणारे बाप पुष्कळ पाहिले, पाणी बघणारा हा एकटाच. पाण्यात लोह जास्त होतं. पांढरे कपडे तांबूस होतील, असं सांगितलं. ते बराच वेळ विचार करून म्हणाले, "रंगीत साड्या नेसल तर?" लग्न झालं. आणि आरे-वारेच्या रस्त्यावर हॉटेल काढणाऱ्या एका मालकांना त्यांच्या बोअरचं पाणी समुद्राइतकं ताजं आहे, असा दाखला हवा होता. तसा देता आलाही असता. समुद्र त्यातून अजून बाहेरच पडलेला नव्हता.

तर यंत्र. त्याचं नाव टेराहर्ट्झ स्पेक्ट्रोमीटर. पुण्याच्या एका संस्थेने प्रयोग म्हणून ते आमच्याकडे पाठवलं आणि त्याच्याबरोबर डॉ. सरंजामे आले. सज्जन माणूस. पन्नाशीचे, सडपातळ, आणि प्रत्येक वाक्याची सुरुवात "तत्त्वतः" ने करणारे. तत्त्वतः त्यांचं सगळं बरोबर असायचं.

त्यांनी मला समजावलं ते असं. रेडिओच्या लहरी एका टोकाला आणि शेगडीची धग दुसऱ्या टोकाला, या दोहोंच्या मधे एक पट्टा आहे. तिथे लहर सेकंदाला एकावर बारा शून्यं इतक्या वेळा थरथरते. ती टेराहर्ट्झ. ही लहर कागदातून, कापडातून, प्लॅस्टिकातून आरपार जाते, पण पाण्याशी गाठ पडली की संपली. पाणी तिला गटागटा पिऊन टाकतं. आता पाण्यात मीठ विरघळलं की मिठाच्या कणांभोवती पाण्याचे रेणू गोळा होतात. घरात जावई आला की माजघरातली माणसं त्याच्याभोवती धावपळ करतात आणि पडवीतली आपली निवांत पान खात असतात, तसं. धावपळीत पडलेलं पाणी लहर जरा वेगळ्या प्रमाणात पितं. त्या फरकावरून जावई किती आणि कुठल्या घरचे, ते ओळखायचं. कल्पना सुंदर आहे, हे मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणेन.

अडचण एवढीच की पाणी बाटलीतलं की हवेतलं, हा भेद त्या लहरीला कळत नाही. हवेतली वाफसुद्धा तिला वाटेतच पिऊन टाकते. म्हणून हे यंत्र अगदी कोरड्या हवेत ठेवावं लागतं. आणि ते आणलं कुठे, तर रत्नागिरीत. जिथे सकाळी बिस्किटाचा पुडा फोडला तर संध्याकाळी ती बिस्किटं चमच्याने खावी लागतात.

मग एक खोली बंद केली. खिडक्यांना पट्ट्या मारल्या. हवेतलं पाणी शोषणारी दोन धुडं आणून बसवली. रोज सकाळी त्यांच्या पोटातून बादलीभर पाणी निघायचं, आणि क्षारांच्या दृष्टीने ते आमच्या अख्ख्या इमारतीतलं सर्वांत शुद्ध पाणी असायचं. आमचा शिपाई ते इन्व्हर्टरच्या बॅटरीत ओतायचा. म्हणजे पहिल्या महिन्यात यंत्राने पाणी तपासलं काहीच नाही, पण तयार मात्र भरपूर केलं. दारावर "आत जास्त वेळ थांबू नये" अशी पाटी लागली, कारण माणूस श्वास सोडतो आणि श्वासात वाफ असते. घ्यायला हरकत नव्हती.

उद्घाटनाला मोठे पाहुणे आले. त्यांनी रीतीप्रमाणे यंत्रासमोर नारळ फोडला. नारळ चांगला भरलेला निघाला. पाणी उडालं ते थेट यंत्राच्या उघड्या तोंडात, आणि डॉ. सरंजाम्यांनी डोळे मिटून घेतले. लोकांना वाटलं, प्रार्थना करताहेत.

आणखी एक छोटी अडचण होती. पिण्याच्या पाण्यात क्षार इतके थोडे असतात की ते यंत्राला दिसायचेच नाहीत. समुद्राचं पाणी मात्र ते अचूक ओळखायचं. पण समुद्र ओळखायला आमच्याकडे खिडकी होती. हे सगळं मी आमच्या साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "बाई, नव्याला नावं ठेवू नये." आणि त्यांनी दारावर मोठा बोर्ड लावला: येथे प्रकाशलहरींनी पाणी तपासले जाते. त्या बोर्डाचा फोटो गावोगावच्या मोबाइलवर फिरला.

आता ज्या प्रकरणासाठी हा लेख लिहायला घेतला, त्याकडे येते.

पावसच्या पुढे खाडीच्या कडेला एक वाडी आहे. तिथले दत्तारामअण्णा माझ्याकडे पाण्याची बाटली घेऊन आले. अण्णा सत्तरीचे, नारळाची बाग राखून असलेले, आवाज असा की खोलीत कुजबुजले तरी रस्त्यावर ऐकू जावं.

"बाई, पाणी खारा झालाय. इब्राच्या तळ्यान माज्या विहिरीची वाट लावलान."

इब्रा म्हणजे इब्राहिमभाई, त्यांचे शेजारी. अर्धं आयुष्य मस्कतला गाडी चालवून परत आलेले. आणलेली सगळी पुंजी त्यांनी खाडीकाठच्या जमिनीत कोळंबीचं तळं बांधण्यात घातली होती. तळ्यात खाडीचंच खारं पाणी. त्यांच्या घराला विहीर नव्हती. आज्यापणज्यापासून सगळे अण्णांच्याच विहिरीचं पाणी प्यायचे. शेजारी भरलेली विहीर असताना कातळ फोडायची गरज कुणाला वाटली नव्हती. इब्राहिमभाई मस्कतहून सुट्टीवर आले की आधी त्या विहिरीवर तांब्याभर पाणी प्यायचे आणि मगच घरात शिरायचे, असं अण्णांनीच मला सांगितलं. सांगताना ते शिव्याही देत होते. इब्राहिमभाईंच्या घरी पाणी नेणारा पाइप अण्णांनी काढून गुंडाळून ठेवला होता, आणि तळं बंद करावं असा अर्ज ग्रामसभेत दिला होता. तळ्यात कोळंबी अर्धवट वाढीची होती. तळं आत्ता सोडलं तर मस्कतची सगळी वर्षं खाडीत जाणार, हे उघड होतं.

मी पाणी तपासलं. मीठ होतं, चांगलंच होतं. पण दुसरी एक गोष्ट जुळेना. समुद्राच्या पाण्यात नुसतं मीठ नसतं, मॅग्नेशियमही ढीगभर असतं. समुद्र विहिरीत शिरला की दोघं जोडीने शिरतात. इथे मीठ एकटंच आलं होतं. ज्याच्या घरी आपलं येणं-जाणं आहे अशाच घरी माणूस एकटा जातो, म्हणून मी म्हटलं, बघून तरी यावं.

वाडीत गेले. विहीर माडांच्या मधोमध. चहूबाजूंनी माडांची आळी, म्हणजे बुंध्याभोवतीचे गोल खड्डे, आणि त्या आळ्यांत करड्या रंगाचा थर. वास सुक्या म्हावऱ्याचा.

"अण्णा, हे काय?"

"मीठ. माडाला मीठ लागता बाई. तुमी शिकलेली माणसा, तुमाला ठावक नाय?"

ठाऊक होतं. माडाला मीठ घालायची चाल आपल्याकडे जुनीच आहे, माझे वडीलही घालायचे. पण ते पसा-दोन पसे. इथे मात्र माडांना मिठागरात उभं केलं होतं.

"एवढं?"

"फुकट गावला," अण्णा अभिमानाने म्हणाले.

फुकट ते पौष्टिक, हे माडांनाही लागू असावं. मीठ कुठून गावलं, तर इब्राहिमभाईंच्या मेव्हण्याचा सुक्या मासळीचा धंदा. मासळी खारवून झाली की उरलेलं मीठ तो फेकून द्यायचा. इब्राहिमभाईंच्या बायकोला, हमीदावहिनींना, ते फेकवेना. त्यांनी अख्खा टेम्पो भरून अण्णांच्या बागेत पाठवला. गणपतीनंतरच्या परतीच्या सरींनी ते विरघळलं. खाली जांभा, म्हणजे दगडाच्या वेषातली चाळण. सगळं पाझरून विहिरीत.

मी अण्णांना तिथल्या तिथे हे समजावून सांगितलं. त्यांनी वाकून आळ्यातला थर बोटाने उकरला. मग म्हणाले, "माज्या बापान घातलान, आज्यान घातलान. तेवा नाय झाली ती खारी?" मी म्हटलं, त्यांनी टेम्पोने नाही घातलं. त्यावर अण्णा एकदम सावध झाले. "ता तुमचा मशीन काय सांगता ता सांगा. थेंबाथेंबाचा मना नको."

हे असं होतं बघा. ज्या बोर्डाला मी नावं ठेवत होते, तो बोर्ड माझ्याआधी वाडीत पोचला होता.

मी ग्रामसभेलाही गेले. न गेले असते तर आज हा लेख लिहिण्याचं धाडस केलं नसतं. उभी राहून सगळं सांगितलं: समुद्र नाही, तळं नाही, माडांचं मीठ आहे. लोक हसले. "माडाच्या मिठान विहीर खारी व्हायला लागली तर सगळा कोकण खारा झाला असता!" हे वाक्य बिनतोड होतं, फक्त चूक होतं. सरपंचांनी अतिशय समतोल निर्णय दिला. यंत्राचा अहवाल येईपर्यंत कुणाला दोषी धरायचं नाही. मात्र खबरदारी म्हणून तळं रिकामं करावं. दोषी न धरता फाशी देण्याची ही पद्धत मी प्रथमच पाहिली.

इब्राहिमभाई मागच्या रांगेत बसले होते.  बाहेर पडताना मी हमीदावहिनींना गाठलं आणि विचारलं, मीठ तुमच्याकडून आलं हे तुम्ही का सांगत नाही?

"दिलेल्या जिन्नसाचा बोभाटा करू नये बाई," त्या म्हणाल्या. "आणि सांगितला तर मानसा बोलतील, बघा, शेवटी मीठ यांच्याच घरचा निघाला. अण्णांना ठावक हाय ना? बस झाला."

अण्णांना ठाऊक होतं. त्या सभेत ते खाली मान घालून चप्पल पुढेमागे सरकवत होते, हे मी पाहिलं. मला त्यांचा राग आला आणि तो पुष्कळ दिवस गेला नाही.

साहेबांच्या हातापाया पडून मी म्हटलं की माझ्या तपासणीवर सही करून अहवाल आजच द्या. साहेब म्हणाले, "यंत्राची पहिलीच केस आहे, बाई. पेपरात येईल. घाई नको." डॉ. सरंजामे बिचारे प्रामाणिक. म्हणाले, "तत्त्वतः होईल. पण एवढं पातळ पाणी त्याला दिसणार नाही. आटवावं लागेल." म्हणजे अत्याधुनिक यंत्राला घास भरवण्यासाठी मी जुन्या शेगडीवर विहिरीचं पाणी आटवत बसले. तीन नमुने केले: विहिरीचं पाणी, तळ्याचं पाणी, आणि आळ्यातलं मीठ शुद्ध पाण्यात कालवून. सगळं जय्यत तयार झालं आणि नायट्रोजन संपला. यंत्राच्या पोटातली हवा कोरडी ठेवायला तो लागायचा, आणि तो यायचा कोल्हापूरहून घाट उतरून. आला तो ऑक्सिजन आला. कुणाच्या तरी नाकाला लागायचा सिलिंडर यंत्राला लावून उपयोग नव्हता, तो परत गेला. पुन्हा नायट्रोजन आला त्या दिवशी साहेब चार पाहुण्यांना यंत्र दाखवायला घेऊन आले, आणि पाहुण्यांनी आत उभं राहून मनसोक्त श्वास सोडले.

इकडे तळं सुटलं. त्या दिवशी मी वाडीतच होते. बांधाची फळी इब्राहिमभाईंनी स्वतः उचलली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. पाणी खाडीकडे धावलं आणि जाळ्यात बोटभर कोळंबी उड्या मारायला लागली. व्यापाऱ्याने ती बघून तोंड वाकडं केलं. मग गावानेच मिळेल त्या भावाला घेतली. त्या दिवशी घरोघर कोळंबीचं कालवण होतं. अर्जावर सह्या करणाऱ्यांच्या घरीही होतं, आणि झकास झालं होतं म्हणे. अण्णांच्या घरची चूल मात्र पेटली नाही. हे मला हमीदावहिनींनीच नंतर सांगितलं.

शेवटी एका कोरड्या सकाळी यंत्र चाललं. पडद्यावर तीन रेषा उमटल्या. तळ्याच्या पाण्याची रेष वेगळी गेली, आणि विहिरीची रेष आळ्यातल्या मिठाच्या रेषेवर जाऊन बसली. तळ्याच्या रेषेशी फरक केसाएवढा होता, पण होता. डॉ. सरंजामे "तत्त्वतः" म्हणायचंही विसरले.  ज्या यंत्राची मी इतकी टिंगल केली ते खरं बोलत होतं, माझी ब्युरेट बोलली होती तेच शब्दाशब्दाने. दोघांत फरक इतकाच की ब्युरेट वेळेवर बोलली होती.

अहवाल ग्रामसभेत वाचला गेला. सरंजाम्यांनी रेषा भिंतीवर मोठ्या करून दाखवल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "मशीन भारी हाय," असं सर्वानुमते ठरलं. तळ्याबद्दल कुणी काही बोललं नाही, कारण तो विषय त्या दिवशीच्या पत्रिकेवर नव्हता. अण्णा सभा अर्धी सोडून उठून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाइप स्वतः जोडून दिला. पण आता त्यातून खारं पाणी जाणार होतं.

इब्राहिमभाई ज्या वयात माणसं परत येतात त्या वयात पुन्हा मस्कतला गेले. जाताना विहिरीवर थांबले नाहीत.

यंत्राचं पुढे काय झालं ते सांगून टाकते. ते वर्षभरात पुण्याला परत गेलं, तिथल्या कोरड्या हवेत त्याची तब्येत सुधारली असं ऐकते. सरंजाम्यांनी त्यावर निबंध लिहिला आणि शेवटी माझे आभार मानले, "नमुने आटवून दिल्याबद्दल." आमच्याकडे बोर्ड राहिला. तो अजून आहे.

यंत्र जाण्याआधीच्या उन्हाळ्यात अण्णांनी सगळ्या आळ्यांतलं मीठ स्वतः खरवडून काढलं. त्या वयात, फावडं घेऊन, गड्याला हात लावू न देता. आणि मग दर महिन्याला माझ्याकडे बाटली घेऊन यायला लागले. आवाज पार बसला होता. प्रश्न एकच. "इब्राच्या घरच्यांना बोलवण्यासारखा झाला काय?" मी आकडा सांगायची, ते मान हलवून जायचे. मी एकदा म्हटलं, अण्णा, चव घेऊन बघा की, जिभेला कळतं. म्हणाले, "माज्या जिभेवर माजाच इश्वास नाय ऱ्हायला बाई. कागदावर द्या." पावसाळा गेला. एका खेपेला ब्युरेट उघडली आणि थोड्याच थेंबांत पाणी विटकरी झालं. मी पुन्हा एकदा करून पाहिलं. मग त्यांना म्हटलं, "गोडं झालं, अण्णा." सत्तरी उलटलेला तो माणूस माझ्या टेबलासमोर उभा राहून रडला. त्यांच्यावरचा माझा राग त्या दिवशी गेला. अहवालाची घडी करून त्यांनी ती सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली आणि मिळेल ती एसटी पकडायला धावले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत हमीदावहिनी आल्या. हातात बाटली, नवी कोरी, झाकण घट्ट लावलेली. मला मनापासून आनंद झाला.

"विहिरीचं पाणी ना?" मी म्हटलं. "मी परवाच तपासलंय, वहिनी. अगदी उत्तम आहे."

"ता अण्णांच्या विहिरीचा. ह्या आमच्या विहिरीचा."

मस्कतहून आलेल्या पैशांनी त्यांनी कातळ फोडून विहीर काढली होती. घराच्या मागच्या अंगाला, खाडीपासून दूर.

मी पाणी ब्युरेटला लावलं. वहिनी खुर्चीच्या कडेला बसून रंगाकडे बघत होत्या. पाणी सुरेख होतं, अण्णांच्या पाण्याहूनही कणभर सरस. तसं सांगितलं. त्या "बरा झाला" म्हणाल्या आणि पदर सावरून उठल्या. मला राहवेना.

"वहिनी, अण्णा तुमच्याकडे यायचे होते."

"आले व्हते. कागद घेऊन आले व्हते."

"मग?"

"मग काय, बसवला. चाय दिली. आमच्या विहिरीच्या पाण्याची." त्यांनी बाटलीचं झाकण पुन्हा घट्ट केलं. "प्याले.  कागद तितंच ठेवून गेले."

  काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "पण त्यांचं पाणी आता खरंच गोडं झालंय हो."

हमीदावहिनी दारात थांबल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

"चांगला झाला," त्या म्हणाल्या. "माडांना होईल."